महादेवची रजा आणि माझे तीन डबे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आखातातल्या रिफा गावी, एका गोदामात सिमेंटच्या गोण्यांशेजारी पडून असतो. उगीच कीव करू नका हं! मीही कधी काळी इथल्याच अदलिया भागातल्या ऑफिसात एसीसमोर बसत होतो, आणि मला हात लावायला परवानगी लागत होती.

मी कारखान्यातून आलो तोच तीन डबे पोटात घेऊन. पहिला पूर्णांकांचा. तो फार लहान, बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर एकही आकडा त्यात मावत नाही. दुसरा दशांशांचा. तो दिसायला ऐसपैस, कितीही मोठी संख्या घाला, पोटात घेतो. पण लबाड आहे. सात आकडे नीट सांभाळतो आणि पुढचे अंदाजाने गोल करून टाकतो. तिसरा डबा शब्दांचा. त्यात जे ठेवाल ते जसंच्या तसं राहतं. काय कुठे ठेवायचं हे मात्र मी ठरवत नाही. ते ठरवतो माझा प्रोग्राम लिहिणारा.

माझा प्रोग्राम लिहिला शैलेंद्रने. पुण्याचा पोरगा, हुशार, बोटं अशी चालायची की मलाच धाप लागायची! बांधकाम कंपनीच्या एकशे चाळीस कामगारांच्या रजा मी सांभाळायच्या होत्या. प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याच्या ओळखपत्राचा नऊ आकडी नंबर. नंबर म्हणजे संख्याच, असं म्हणून शैलेंद्रने ते सगळे दशांशाच्या डब्यात घातले. मी सात आकडे राखले, उरलेले गोल केले. बोललो नाही. मला तोंड कुठे आहे?

आता ऐका. महादेव आणि गुंडू, दोघे मालवणकडच्या एकाच गावचे सुतार. लहानपणी एकाच दिवशी शाळेत नाव घातलं, तेव्हा खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक? मास्तरांनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोघांनाही एक जून देऊन टाकला. सालही एकच. इथल्या ओळखपत्राचा नंबर जन्माच्या साल-महिन्याने सुरू होतो, आणि कंपनीने सगळ्यांना एकाच बसमध्ये घालून एकाच सकाळी कार्डं काढायला नेलं होतं. त्यामुळे दोघांचे नंबर शेवटचे दोन आकडे सोडले तर तंतोतंत सारखे. आणि नेमके तेच आकडे मी गिळले होते.

मार्चात गुंडू गावी जाऊन आला. रजेचं काम बघणारी हुस्ना, इथलीच, तिने त्याचा नंबर दाबला. मी यादीत वरून शोधत आलो, महादेव आधी सापडला, आणि रजा त्याच्या नावावर लागली. शैलेंद्रने पडद्यावर नाव दाखवायची तसदी घेतली नव्हती, म्हणून हुस्नालाही कळलं नाही.

नोव्हेंबरात महादेव रजा मागायला आला. पोरीचं, शेवंतीचं, लग्न रविवारी. गुरुवारचं विमान. दोन वर्षं तो घरी गेला नव्हता. हुस्नाने नंबर दाबला आणि मी, मेला, ठसठशीत अक्षरांत दाखवलं की रजा मार्चातच संपली.

"रजा मफी, रजा नहीं," हुस्ना म्हणाली. "मार्च में गया ना? खलास."

"मैं नहीं गया, बहन!" महादेव म्हणाला, आणि शैलेंद्रकडे वळला. "साहेबानूं, मी खंयच गेलंय नाय! हयसरच होतंय. माझ्या चेडवाचा लगीन आसा."

"महादेव, मशीन खोटं बोलत नाही हो," शैलेंद्र मान वर न करता म्हणाला.

मित्रांनो, मला तेव्हा इतकी लाज वाटली! तो उंच माणूस टोपी हातात चुरगाळत उभा, आणि चूक माझ्या पोटात. विजेचा एखादा झटका बसून मी बंद पडलो असतो तर बरं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, महादेवकडून सगळं ऐकून, गुंडू आला. गप्प बसता तर त्याला आणखी एक रजा मिळाली असती, कारण माझ्याकडे त्याची कोरीच होती. पण तो थेट म्हणाला, "साहेब, मार्चात गेल्लंय तो मी. माझी रजा संपली म्हणान लिवा."

शैलेंद्रने आता मान वर केली. दोघांचे नंबर पडद्यावर मागवले. मी दोन्ही ओळींत अगदी एकच संख्या दाखवली. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे देवा! हे नंबर कधी बेरजेला लागणार होते का? ही तर माणसांची नावं आहेत!"

मग हुस्ना एकेक कार्ड वाचत गेली आणि शैलेंद्र एकशे चाळीस नंबर नव्याने, शब्दांच्या डब्यात भरत गेला. बुधवारी दुपारी शेवटचं कार्ड संपलं. हुस्नाने महादेवचा कागद स्वतः सही करून आणला आणि म्हणाली, "माफ करो भाई. यल्ला, जाओ, बेटी के पास!" तो गेला, मित्रांनो. गुरुवारच्या विमानाने गेला, आणि मी जन्मात पहिल्यांदा खूश होऊन गरम झालो.

पुढे नवे संगणक आले, आणि मी इथे. माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. तुम्ही उद्या माझ्या भावंडांपुढे बसाल, तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या डब्यात ठेवायची याचा आधी नीट विचार करा, एवढंच मागणं. आणि कुणी समोर उभा राहून "मी इथेच होतो" म्हणाला, तर पडद्याकडे बघण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा.