तीन आडव्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना अंतरमापक आहे. माझ्या काचेवर चरे पडले आहेत, अंगावरचं रबर सुटलं आहे आणि बाजारात माझ्याहून हुशार भावंडं आली आहेत. तरीही माझी कीव करू नका. मी जसा वागलो, तसाच पुन्हा वागेन.

मी मुठीत मावतो. मला डोळ्याला लावून बटण दाबलं की माझ्यातून लेसरचा न दिसणारा किरण निघतो आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. ती वस्तू किती यार्डांवर आहे, तो आकडा मी काचेत दाखवतो. किरण नीट परत आला नाही, तर तीन आडव्या रेघा दाखवतो. या रेघांपायी माझी फार चेष्टा झाली.

२००४ साली मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावाजवळच्या बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात बसलो होतो. शेजारी एक मोठा, चकचकीत अंतरमापक होता. त्याच्या खोक्यावर भला मोठा आकडा छापला होता. गिऱ्हाईक आलं की तोच हातात जायचा. माझ्याकडे कुणी बघत नसे.

एका शनिवारी उदयराव आणि त्यांची मुलगी निवेदिता दुकानात आले. उदयराव निवृत्त इंजिनिअर, तरुणपणी पुण्याहून आलेले. ऑफिसातल्या मित्रांबरोबर ते हॅम्पशरच्या रानात हरणांच्या शिकारीला जाऊ लागले, ते जातच राहिले. तुमच्यापैकी काहींना हे आवडणार नाही. निवेदिताच्या आईलाही, आशाताईंना, आवडत नसे. पण तिथे हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. हरणं फार वाढली की कोवळी झाडं खाऊन रान उजाड करतात, म्हणून दर हिवाळ्यात काही मारावी लागतात.

आदल्या हिवाळ्यात उदयरावांचा अंदाज चुकला होता. हरीण वाटलं त्याहून लांब होतं. गोळी खाली लागली आणि मादी जखमी होऊन झाडीत पळाली. बापलेक अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरले. ती सापडली दुसऱ्या दिवशी, कुत्र्याला. तेव्हा नुकतीच मेलेली होती. उदयरावांनी रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"बाबा, सोडून नका देऊ. अंतर मोजा ना," निवेदिता म्हणाली होती.

"पंचवीस वर्षं डोळ्यांनीच मोजलंय मी."

"हो, पण आता ते डोळे सिक्स्टी-फाइव्हचे झालेत."

म्हणून ते दुकानात आले होते. दुकानदाराने अर्थातच मोठा पुढे केला. निवेदिताने खोक्यावरचा आकडा वाचून विचारलं, "हे कशावर मोजलंय?"

"रस्त्यावरच्या चमकणाऱ्या पाटीवर," तो म्हणाला.

"हरीण चमकत नाही," ती म्हणाली. मग ती मराठीकडे वळली. निवेदिता इंग्लंडमध्येच जन्मलेली, तिचं मराठी घरापुरतं. "बाबा, तुमचा कोट काढा. तो ब्राउन वाला कोट हरणासारखी दिसते."

"दिसतो," उदयराव म्हणाले आणि त्यांनी निमूट कोट काढला.

दुकानामागे शेत होतं. पाऊस भुरभुरत होता. निवेदिताने कोट लांबच्या कुंपणावर टांगला आणि आम्हा दोघांनाही पुन्हा पुन्हा त्यावर रोखलं. मोठा दर वेळी वेगळा आकडा सांगू लागला. कधी पाऊस मोजी, कधी मागची झाडं. माझा आकडा हलला नाही. मग तिने कोट अगदी पलीकडच्या टोकाला नेला. मोठ्याने तरीही झोकात आकडा दिला. मी तीन रेघा दाखवल्या.

उदयराव पावलं मोजत कोटापर्यंत गेले आणि हसत परत आले. "मोठा थापा मारतोय. हा निदान माहीत नाही म्हणतोय. हाच घेऊ."

त्याच नोव्हेंबरात माझी परीक्षा झाली. ज्या रानात ते शिकार करत, ते क्लाइव्ह नावाच्या माणसाने भाड्याने घेतलं होतं. कुणी यायचं, कुणी नाही, हे तोच ठरवी. त्या दुपारी तो बरोबर होता. दरीपलीकडे एक मादी चरत होती आणि मधे धुकं तरंगत होतं. उदयरावांनी मला रोखलं. रेघा. पुन्हा दाबलं. रेघाच.

"दीडशे यार्ड," क्लाइव्ह कुजबुजला. "ते खेळणं ठेव आणि मार."

"मलाही दीडशेच वाटतंय," उदयराव निवेदिताला मराठीत म्हणाले.

"मागच्या वेळी पण वाटलं होतं, बाबा."

क्लाइव्हने दात आवळले. "आत्ता मारलं नाहीस, तर पुढच्या हंगामात येऊ नकोस."

उदयरावांनी रायफलमधली गोळी काढून घेतली. बापलेक ओल्या गवतातून पोटावर सरपटत दरीत उतरले. मी निवेदिताच्या गळ्यात लोंबत, चिखल खात होतो. धुक्याखाली पोचल्यावर तिने मला पुसून रोखलं आणि मी लखलखीत आकडा दिला. आता हरीण टप्प्यात होतं. उदयरावांनी श्वास सोडला आणि गोळी झाडली. मादी जागच्या जागी कोसळली. तिला कळलंही नसेल.

धुकं विरल्यावर निवेदिताने मादीपाशी उभं राहून मला वरच्या, आधीच्या जागेकडे रोखलं. तिथून मादीपर्यंत अंतर दोनशे यार्डांच्या वर भरलं. हे तिने क्लाइव्हला सांगितलं.

"यंत्र बघून शिकार करणारे मला माझ्या रानात नकोत," तो म्हणाला.

उदयरावांनी खिशातून रानाच्या फाटकाची किल्ली काढली आणि त्याच्या लँड रोव्हरच्या बॉनेटवर ठेवली. "मलाही जनावराचे हाल करणारे सोबती नकोत," ते म्हणाले. दोघं गाडीत बसले. मग निवेदिता म्हणाली, "बाबा, आय अॅम सो प्राउड." आणि ती रडू लागली.

पुढचा हंगाम आम्हाला रानच मिळालं नाही. नंतर अँडोव्हरकडच्या एका बाईंनी आपलं हेझलच्या झुडपांचं रान दिलं आणि तिथे आम्ही चार हिवाळे काढले. आता उदयरावांचे हात कापतात. निवेदिताकडे उतार-चढावाचा हिशेब करणारा नवा अंतरमापक आहे. मी ड्रॉवरमध्ये असतो. कुणीतरी विसरलेली बॅटरी पाझरून माझ्या पोटात गंज चढला आहे.

तरी माझा आवाज खाली आलेला नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखा कुणी निवडायला गेलात, तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. त्याला भुरभुरत्या पावसात न्या, मळकट वस्तूवर रोखा. घरी आणलात, तर त्याची काच मऊ फडक्याने पुसा आणि हंगाम संपला की बॅटरी काढून ठेवा. आणि त्याने रेघा दाखवल्या, तर त्याला बदडू नका. पुढे सरका, नाहीतर घरी जा.