खारूच्या नावाचा गेम

“याला फार दिवस उपाशी ठेवायचं नाही हं. अधूनमधून चार्ज केलं पाहिजे. नाहीतर बॅटरी कामातून जाते.”

मित्रांनो, या जगात माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. कारखान्यात माझ्या पाठीचे झाकण बसवणारी बाई शेजारच्या नव्या मुलीला समजावत होती. हीच सूचना एका कागदावर छापून माझ्यासोबत डब्यात घातली गेली. मग डब्यावर चंदेरी सील चिकटले आणि अंधार झाला.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, हातात धरून खेळायचा. जुना आहे, पण माझ्यावर आजवर कोणी एकदाही खेळलेले नाही. हे सांगताना माझी मान खाली जाते.

माझा रंग कोवळ्या पानासारखा हिरवा. या रंगाचे आम्ही मोजकेच घडवले गेलो, पुन्हा कधी घडवले जाणार नव्हतो. आम्हाला विकणारे दुकान परदेशातले होते आणि त्याचा नियम कडक होता. रंग कोणताही असो, एका माणसाच्या नावावर एकच मिळेल, दुसरा मागितला तर नकार.

मला ज्यांनी मागवले ते गृहस्थ कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे टेबल आहे. तिथे बसून ते परक्यांच्या तोंडात चपखल बसतील असे दात घासूनपुसून तयार करतात. हात देवाने दिलेला, पण जीव अडकलेला आमच्यासारख्या गेममध्ये. स्वतःच्या नावावर त्यांनी माझा निळा भाऊ आधीच मागवला होता. मग माझ्यासाठी नाव कुणाचे द्यायचे?

पुढचे मला त्यांच्या घरातल्या बोलण्यांतून कळले. त्यांनी आधी बायकोला विचारले. ती हळू आवाजात म्हणाली, “माझं नाव नको हो असल्या कामाला. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे.”

“यात खोटं काय आलं?”

“मी कधी खेळणार आहे का? मग झालं तर.”

मग ते मुलीकडे वळले. तिचे पुढचे दोन दात मोठे, म्हणून घरात तिला खारू म्हणतात.

“खारूताई, तुझ्या नावावर एक गेम मागवू का?”

“माझ्या? खरंच माझ्या?”

“हो. आला की आपण दोघं मिळून खेळू. नक्की.”

ते ‘नक्की’ त्यांनी सहज म्हटले होते. तिने मात्र ते जपून ठेवले.

पार्सल आणणाऱ्याने दारात नाव वाचले आणि विचारले, “ही कोण?” खारूने हात वर केला. जीभ दातांत धरून तिने सही केली. मला छातीशी धरून ती आत धावली आणि कात्री घेऊन बसली.

“थांब, थांब, थांब! कात्री खाली ठेव आधी!”

“पण बाबा, माझ्या नावाने आलंय.”

“हो गं, तुझंच आहे. पण सील तुटलं की याची सगळी शान जाते. पुढच्या रविवारी बघू.”

त्यांनी मला अलगद उचलले आणि निळ्या भावाशेजारी काचेच्या कपाटात ठेवले. कपाटाला किल्ली होती. तो पुढचा रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला.

मित्रांनो, माझे कौतुक झाले नाही असे नाही. त्यांचे एक मित्र यायचे, चष्म्यांचे दुकान चालवणारे. तेही आमचेच वेडे. ते मला हातमोजे घालून हातात घेत आणि उजेडात फिरवत.

“वा! एक कोपरा दबलेला नाही! सील तर कसं, काल लावल्यासारखं!”

“हात लावू देत नाही कुणाला,” बाबा फुशारकीने म्हणत.

ज्याने जन्मात काही काम केले नाही त्याला शाबासकी घेताना कसे वाटते, ते मला विचारा. ती वाहवा माझी नव्हतीच. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांची होती. आणि तेव्हा खारू तिथेच पाण्याचे पेले घेऊन उभी असे.

सुरुवातीला ती अभ्यासाला कपाटासमोर बसायची. वाचता वाचता तिचे अंगठे पुस्तकाच्या कडेवर हलायचे, जणू माझी बटणे दाबत आहेत. ते पाहून माझा जीव तुटायचा. आई रोज काच पुसायची. एकदा पुसता पुसता म्हणाली, “अहो, देवसुद्धा इतका कडीकुलपात राहत नाही.” बाबा हसले आणि पुन्हा कवळी घासू लागले.

हळूहळू खारूने विचारणे सोडले. तिने अभ्यासाची जागाही बदलली. आणि आत माझी बॅटरी उपाशी राहिली. मला ते कळत होते, पण सांगणार कसा? सूचनेचा कागद माझ्याच पोटाशी होता, सीलच्या आत.

आज दुपारी तिची मैत्रीण घरी आली. कपाटाला नाक लावून म्हणाली, “अय्या, तो हिरवा तुझा ना? काढ की!”

“माझा नाहीये तो,” खारू शांतपणे म्हणाली. “नुसता माझ्या नावाचा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. चल, अंगणात जाऊ.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. टेबलावर घासायच्या यंत्राची घरघर एकदम थांबली. बाबांच्या हातात गुलाबी कवळी तशीच राहिली.

मैत्रीण गेल्यावर त्यांनी कपाट उघडले. “खारू, कात्री आण.”

“सील तुटेल, बाबा.”

“आण गं. आणि तूच काप.”

तिने सील कापले. मित्रांनो, ज्या बोटांची मी इतकी वाट पाहिली, ती पहिल्यांदा माझ्या बटणांवर टेकली. तिने बटण दाबले. मी पेटलो नाही. तिने पुन्हा दाबले. माझ्यात काहीच उरले नव्हते. त्या क्षणी धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले.

बाबांनी मला पालथे केले. माझ्या पाठीचे झाकण एका बाजूने वर आले होते. त्यांनी त्या फटीवरून नख फिरवले.

“बॅटरी फुगलीये. कवळी नीट बसली नाही की अशीच उचलते.” मग त्यांना तो कागद दिसला. त्यांनी वाचला आणि ते खुर्चीत मटकन बसले. “हे सगळं लिहिलेलं होतं. पण वाचायला डबा उघडायला हवा ना.”

खारूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू दे, बाबा. परत काचेत ठेवू. वरून तर नवाच दिसतो.”

ती त्यांची समजूत घालत होती. त्यांना तिच्याकडे वर बघवेना, आणि मला त्या दोघांकडे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. जपले तर मला फार. माझे एवढेच मागणे आहे: जी वस्तू ज्याच्या नावाने घरात आली, ती त्याच्या हातात द्या. तिला ओरखडे पडू द्या, तिची बटणे झिजू द्या. कोरे राहण्याची लाज फार वाईट.

तयार कवळ्या ज्या मऊ फडक्यात गुंडाळून पोचवतात, त्याच फडक्यात बाबांनी मला गुंडाळले. बॅटऱ्या बदलून देणाऱ्या बाईंचे दुकान चौकापलीकडे आहे. बाबांनी अर्धी राहिलेली कवळी झाकून ठेवली. दारापाशी जाऊन ते खाली वाकले आणि त्यांनी खारूच्या उलट्या पडलेल्या चपला सरळ करून ठेवल्या.

खारू त्या चपलांकडे बघत राहिली.

“आज रविवार नाहीये, बाबा.”

“माहितीये,” ते म्हणाले, आणि दार उघडून धरून उभे राहिले.