राखणीचा नारळ

भामाबाईंनी कोटाच्या दरवाजातच चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"आई, देऊळ अजून लांब आहे. वाटेत काचा असतील," आभा म्हणाली.

"काचा मना नाय लागत. तू बग तुज्या पायाखाली."

कमानीवरचं पोर्तुगीजांचं दगडी चिन्ह झिजून आता नुसता गुळगुळीत उंचवटा उरला होता. आत चर्चच्या बिनछपराच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध माड वाढले होते. पाऊस संपून महिना झाला तरी दगडांवरचं शेवाळ हिरवंच होतं. आकाश सकाळपासून राखाडी.

पनवेलहून निघाल्यापासून आभा मनात एक वाक्य जुळवत होती. वडखळला ते ओठांपर्यंत आलं, तेवढ्यात मागच्या डंपरने हॉर्न दिला आणि ते राहून गेलं. वाक्य साधंच होतं. या महिन्याच्या अखेरीस ती अपूर्वशी लग्न करणार होती. अपूर्व तिच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. हे आपल्या सासूला, भामाबाईंना सांगायचं होतं, आणि आजच सांगायचं होतं.

तटावर लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. मुलीच्या पिवळ्या गाऊनचा लांबलचक घोळ एक जण मागून वाऱ्यावर उडवत होता.

"मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का?" फोटोग्राफर ओरडला.

"होते बाबा. फ्रेममंदी जायला मना अजून टाइम हाय."

आभाला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. दोघी राहत त्या करंजाड्याच्या घरात आभाच्या नवऱ्याचा, हृतिकचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता. हृतिक जहाजावर इंजिनीअर होता. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका पहाटे तो ड्यूटीवर आला नाही. जहाज पालथं घातलं, आजूबाजूचा समुद्र पाहिला. तो सापडला नाही. सात वर्षं उलटल्यावर कोर्टाने त्याला मृत मानलं. भामाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि भाजी निवडायला बसल्या.

देवीचं देऊळ बुरुजाच्या पोटात होतं. जिथे कधीकाळी तोफेचा दारूगोळा ठेवत, त्या कोनाड्यात आता नारळ मांडलेले होते. घरातला माणूस दर्यावर गेला की त्याच्या नावाचा एक नारळ इथे राखणीला ठेवायचा. तो परतला की त्याने स्वतःच्या हाताने फोडायचा. न फोडलेले बरेच होते. कुणाला लाल चिंधी, कुणाला सुतळी. हृतिकच्या नारळाला त्याच्या शाळेच्या शर्टाची निळी पट्टी होती. दर वर्षी याच सुमारास भामाबाई येऊन त्याला हळदकुंकू लावून जात. आभा गाडी चालवायची आणि देवळाबाहेर उभी राहायची.

आज भामाबाईंनी हळदकुंकू काढलंच नाही.

"माझा दे गो, शोभा," त्या म्हणाल्या.

देवळाची झाडलोट करणारी शोभा लगबगीने उठली. "आला काय? पोऱ्या आला?"

"नाय."

शोभाचा हात कोनाड्यापाशीच थांबला. मग तिने नारळ उतरवला, पदराने पुसला आणि भामाबाईंच्या ओंजळीत ठेवला. न परतलेल्या माणसाचा नारळ घरच्यांनी दर्याला द्यायचा, हे आभाला ऐकून माहीत होतं. दिलेला मात्र तिने कधी पाहिला नव्हता.

भामाबाई दर्यादरवाजाकडे चालू लागल्या. आभा मागोमाग धावली.

"आई, आज हे कशाला?"

"तो मास्तर तुला सोडायला येतो. गेटच्या आत पाय नाय टाकत. वॉचमन त्याला आपली खुर्ची देतो. कवापर्यंत बसवशील त्याला वॉचमनच्या खुर्चीवर?"

आभाचे कान तापले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगल? मना डोळे हायत, गॅलरी हाय."

"मी आज सांगणारच होते."

"वडखळपासून बगते तुजं तोंड. उघडतंय, मिटतंय." भामाबाई थांबल्या. "नारळ देवीपाशी हाय तवर तू बांधलेली. आमच्यात तसं हाय. कोर्ट काय पन बोलू दे."

"मी हे मानत नाही, आई."

"मानत नाय, तं वर्सावर्साला गाडी चालवत येतीस कशाला?"

तिने सासूचं कोपर धरलं आणि दोघी पाण्यापर्यंत जाणाऱ्या निसरड्या पायऱ्या उतरल्या.

"हात लाव."

आभाने हात लावला. नारळ अगदी हलका झाला होता. आतलं पाणी आटलेलं, खोबरं सुटून करवंटीत खुळखुळत होतं. भामाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो फेकला. फार लांब गेला नाही. दिल्यावर मागे पाहायचं नसतं, म्हणून त्या लगेच वळून तटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आभाने पाहिलं. नारळ बुडाला, वर आला. निळी पट्टी ओली होऊन काळी दिसू लागली. तो लांब जाण्याची ती वाट पाहत राहिली. लाट आली, ओसरली, पुन्हा आली. दर वेळी नारळ थोडा अलीकडेच सरकत होता. उतरताना कोरडी असलेली पायरी आता पाण्याखाली होती.

आभाने वळून सासूकडे पाहिलं. भामाबाईंचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, बांध कधी बुजवायचा, हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्यांची पाठ ताठ होती. रिकाम्या हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर फिरत होता.

नारळ खालच्या पायरीवर येऊन आपटला.

"गेला?" भामाबाईंनी वळून न पाहता विचारलं.

परत आला म्हटलं असतं, तर त्यांनी तो उचलला असता, पदरात कोरडा केला असता. शोभाने तो कोनाड्यात ठेवला असता, आणि पुढच्या वर्षी आभाने पुन्हा गाडी काढली असती. एवढं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ते सकाळपासून जुळवत आणलेल्या वाक्यापेक्षा सोपं होतं.

"गेला," आभा म्हणाली.

"लांब?"

नारळ पुन्हा दगडावर आपटला. दोघींनाही ऐकू येईल असा.

"लांब गेला, आई."

भामाबाईंनी आधारासाठी हात मागे केला. आभाने तो धरला.

"चल मग वर," त्या म्हणाल्या. "भरती हाय. मगापासनं चढतंय पानी."