साडेचार डबे

देऊळघाटच्या शाळेत त्या शनिवारी आसपासच्या गावांतले तीस मास्तर जमले होते. महिन्यातून एकदा असं जमायचं, एकाने नमुन्याचा पाठ द्यायचा आणि बाकीच्यांनी तो उतरवून घेऊन आपापल्या शाळेत तसाच शिकवायचा, असा खात्याचा नवा हुकूम होता. या खेपेला पाळी अनंत मास्तरांची. त्यात नागपूरहून साहेब येणार, आणि पाठ जमला तर मास्तरांनाच शिकवणारे मास्तर म्हणून अनंतरावांना नेमणार. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

त्यांनी बंदोबस्त मात्र पक्का केला होता. प्रश्न आला की साऱ्या वर्गाने हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. साहेबांना काय, हातच हात दिसणार! कोणाला येतं नि कोणाला नाही, हेही मास्तरांनीच ठरवून टाकलं होतं. उकंडरावांची कोकिळा डाव्या हातात. तिला कधी विचारून पाहिलं होतं म्हणाल, तर नाही.

पाठ झकास झाला. ज्वारी साडेतीन पायल्या, एका डब्यात मावते पाऊण पायली, तर डबे किती? भराभर हात वर गेले. उजव्या हातवाल्यांतल्या पंजाब नावाच्या पोराने खडखडीत सांगितलं, चार डबे भरले, अर्धी पायली उरली, म्हणजे साडेचार डबे. साहेबांनी मान डोलावली. हिशेबाशी त्यांचंही फारसं सख्य नसावं. अनंतरावांनी साडेचार फळ्यावर लिहिलं, तीस मास्तरांनी ते उतरवून घेतलं.

मधल्या सुट्टीत कोकिळा अंगणात मास्तरांपाशी आली.

"मास्तर, साडेचार नाई येत. डबा तीन पावाचा हाय अन् उरले दोन पाव. मंग अर्धाच डबा कसा? तीनातले दोन हिस्से भरते ना."

मास्तरांनी मनाशी ताळा केला. पोर बरोबर होती. ते बारा वर्षं चुकीचं शिकवत आले होते.

"मग वर्गात का नाही बोललीस?"

"तुमीच मले डावा हात सांगतला होता."

मास्तर शरमले. चूक कबूल करायची, कोकिळेला सगळ्यांपुढे उभं करायचं, असं ठरवून ते तडक आत गेले. फळ्यावरचं साडेचार पुसलं. साहेब पाहू लागले, तीस माना वर झाल्या, आणि मास्तरांची जीभ भलतीकडेच वळली.

"ही चूक मी मुद्दाम ठेवली होती. कोणाच्या ध्यानात येते का, ते पाहायचं होतं."

मग त्यांनी तीन पाव नि दोन पाव कोकिळेच्याच शब्दांत समजावून सांगितले. साहेब खूश! नेमणूक तिथल्या तिथे जाहीर झाली.

कोकिळा दारातून सगळं ऐकत होती. मास्तर बाहेर येताच तिने दोन्ही कान धरले.

"तुमाले येत होतं, मास्तर. मीच येडी, तुमाले चुकलं म्हनलं. माफी करा."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. पण भोवती मंडळी उभी होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.