पेटीची दिसणारी बाजू

सर्बियातल्या क्राल्येवोत गाड्या रंगवण्यात रादोयेचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. हिवाळ्यात मुलगा उरोश त्याला म्हणाला होता, "बाबा, माझं नापायान्ये रंगवून देता?" नापायान्ये म्हणजे गुरांना पाणी पाजणं, कम्प्युटरवाली मंडळी आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीलाही तेच म्हणतात. रादोयेने विचारलं, मेंढ्या किती पाळल्यास? या विनोदावर तो आठवडाभर खूश होता. पेटीचं ईस्टरनंतर बघू म्हणाला. ईस्टरच्या आधीच उरोशचं हृदय बंद पडलं. वय एकतीस.

उद्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी आत्मा घर सोडतो म्हणतात. त्याआधी पेटी रंगवून व्हायलाच हवी, असा रादोयेचा हट्ट. उरोशचा मित्र वेल्को याने पेटीच्या आतलं सगळं काढून रिकामा पत्रा हातात दिला होता. कम्प्युटरचे बाकीचे भाग लालच होते, दुकानातून तसेच आले असणार. रादोयेने त्याला जुळणारा लाल चढवला, घासला, पुन्हा चढवला. असे सात हात. मंत्र्याच्या गाडीलाही त्याने कधी तीनच्या वर दिले नव्हते. कम्प्युटरच्या खोक्याला काच एकाच अंगाला, म्हणून रंगही एकाच बाजूला. कुठली बाजू, हे विचारायचं राहिलं. चाळीस वर्षं रंगकाम केलेला माणूस असलं काही विचारत नसतो.

वेल्कोने पेटी जोडून जागेवर बसवली. काचेतून राखाडी पत्रा दिसला. लाल बाजू पलीकडच्या भिंतीला चिकटली होती.

उलटी बसव, रादोये म्हणाला. तसं केलं तर पंख्याचं तोंड बुजेल, पेटी जळेल, असं वेल्कोने सांगितलं. मग राखाडी बाजूवर उरोशचा फोटो लावू, असा तोडगा त्याने काढला. फोटो थडग्यावर आहे तेवढा पुरे, रादोये म्हणाला.

"बाकीचं लाल पण तुमच्यासारखंच जमलंय, नाही?" वेल्को म्हणाला. "उरोशने मारलंय ते."

रादोये वाकून बघत राहिला. कुठे ओघळ नाही, कुठे पुटकुळी नाही.

"मग ही एकच पेटी का ठेवली?"

वेल्को हातातला पेचकस पुसायला लागला. "तुम्ही त्याच्या खोलीत यावं म्हणून, काका. दुसरं काही सुचलं नाही त्याला."

मग रादोये गुडघे टेकून बसला आणि पेटीचे स्क्रू सोडवू लागला. रंग वाळायला दोन दिवस लागतील, आणि आत्मा तर उद्याच निघणार, अशी आठवण वेल्कोने हळूच करून दिली.

"उरोश जन्मात कधी वेळेवर घराबाहेर पडला नाही," रादोये म्हणाला. "थांबेल. पॉलिश पेपर दे इकडे."