दाराबाहेरचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. याला कारण आहे. सोलापुरात गोरोबा नावाच्या माणसाच्या दुकानात मी सहा वर्षं राबलो. साड्यांचे सेल, निवडणुकीचे उमेदवार, हरवलेल्या म्हशी, सगळ्यांच्या जाहिराती माझ्यासमोर बोलल्या जायच्या आणि रिक्षांच्या भोंग्यांतून गावभर फिरायच्या. "हा माईक म्हणजे माझा उजवा हात," असं गोरोबा येईल त्याला सांगायचा. मग नवा माईक आला, आणि त्याच गोरोबाने "दोनच महिने वापरलाय" असं सांगून मला विकून टाकलं. तेव्हापासून मी माणसांचं बोलणं टिपतो, पण खरं धरत नाही.

मला घेतलं ते तुळजापूरच्या भैरवीने. ती शाळेत मराठी शिकवायची. तिची तात्पुरती नेमणूक नुकतीच संपली होती. पुण्याच्या एका प्रकाशकाने तिचा आवाज ऐकून एक जाड कादंबरी ऑडिओबुकसाठी वाचायला दिली होती. निजामाच्या काळातल्या जमिनीच्या भांडणाची ती गोष्ट होती. महिनाअखेरपर्यंत पहिली तीन प्रकरणं स्वच्छ आवाजात पाठवायची. पसंत पडली तर पुढचं काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

घरात माणसं तीनच. भैरवी, तिचा नवरा स्वानंद, जो नोकरीसाठी रोज धाराशिवला जायचा, आणि सासरे विष्णुपंत. विष्णुपंत जमिनीच्या दप्तराच्या कचेरीत आयुष्यभर कारकून होते. समोर येईल त्यात आधी खोट शोधायची, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

भैरवीने मागची लहान खोली माझ्यासाठी रिकामी केली. पहिल्याच दिवशी वाद झाला. तिने अंड्यांचे रिकामे पुठ्ठे आणले होते.

"हे काय आणलंस?" विष्णुपंतांनी एक पुठ्ठा हातात घेऊन बोटांनी चाचपला.

"आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावायचेत, बाबा."

"अंड्याचे? आपल्या घरात?"

"रिकामे आहेत."

"आत्ता रिकामे आहेत," विष्णुपंत म्हणाले आणि निघून गेले.

गंमत म्हणजे त्या पुठ्ठ्यांचा काही उपयोग झाला नाही. खोली पहिल्यासारखीच घुमत राहिली. मग भैरवीने ते काढून टाकले आणि तिन्ही बाजूंना दोऱ्या बांधून घरातल्या जाड वाकळा टांगल्या. जुन्या चपलेचे तुकडे कापून माझ्या स्टँडखाली ठेवले, म्हणजे पावलांचा धपधप आवाज माझ्यापर्यंत येऊ नये. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातली हवा माझ्यावर आदळते, म्हणून भरतकामाच्या रिंगला मोज्याचं पातळ कापड ताणून ते माझ्यापुढे लावलं. दुपारी पंखा बंद, फ्रीज बंद, दार बंद. घामाने निथळत ती वाचायची. मित्रांनो, इतक्या निगुतीने माझ्यासाठी कुणी काही केलं नव्हतं. तरी मी मनात म्हणालो, बघू किती दिवस टिकतं.

चौथ्या दिवशी खिडकीखाली बोलणं सुरू झालं. खिडकीला अजून काही लावलेलं नव्हतं आणि मी चालू होतो. शेजारच्या शांताक्का विष्णुपंतांना विचारत होत्या, "पंत, तुमची सून दुपारी दार लावून कुणाशी बोलती वो? काल गच्चीवर पापड घालाया गेल्ते, तर रडत म्हणाली, 'मला इथनं घेऊन चला, मला इथं राहायचं न्हाय.'"

ते वाक्य कादंबरीतलं होतं. विष्णुपंत म्हणाले, "बघतो मी."

भैरवीने हे सगळं हेडफोनमध्ये ऐकलं. तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच प्रकार सुरू झाला. तिच्या दोन वाक्यांच्या मध्ये, ती थांबली की, मला आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागला. जड, थोडा घरघरता. दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. भैरवीने आवाज वाढवून ते तीनदा ऐकलं.

"बाबा माझ्यावर पाळत ठेवतात," ती संध्याकाळी स्वानंदला म्हणाली.

"अगं, त्यांना काय पडलंय?"

"'बघतो मी' म्हणाले शांताक्कांना. आता बघतायत."

स्वानंद हसला. भैरवी हसली नाही, आणि मीही तिच्या बाजूने होतो. मला त्या म्हाताऱ्याचा भरवसा वाटत नव्हता.

तो संशय पक्का करणारी गोष्ट दोनच दिवसांनी घडली. भैरवी बाजारात गेली होती. दार हळूच उघडलं. विष्णुपंत भिंतीला हात लावत आत आले आणि सरळ माझ्या स्टँडवर धडकले. मी फरशीवर आपटलो, माझी जाळी चेपली. ते खाली बसले, चाचपडत त्यांनी मला उचललं, उभं केलं आणि निघून गेले. माझं तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं.

भैरवीने मला पाहिलं आणि तिचा धीर सुटला. "मुद्दाम पाडलाय," ती फोनवर स्वानंदला म्हणाली. "वर तोंड फिरवून ठेवलाय. मला हे काम करू द्यायचंच नाही त्यांना. मी उद्या माईक घेऊन मुरुमला माहेरी जाते. परत कधी यायचं ते मग बघू."

बॅग भरली गेली. तिसऱ्या प्रकरणाची चार पानं राहिली होती, तेवढी संपवून निघावं म्हणून ती माझ्यासमोर बसली. बाहेरचा श्वास होताच. तिने दुर्लक्ष केलं आणि वाचू लागली. गोष्टीत एका जुन्या कागदावरून भांडण पेटलं होतं. इनामाचा हक्क सांगणारा निजामी कागद, त्याला मुंतखब म्हणत. भैरवीला तो शब्द नवा होता, आणि छपाईत त्यात एक काना जास्त पडला होता. तिने 'मुंतखाब' असं वाचलं. पुढच्या ओळीतही 'मुंतखाब'. तिसऱ्यांदा तिने तसंच म्हटलं आणि दाराबाहेरून आवाज कडाडला, "मुंतखब! खाब न्हवे, खब! कितीदा तेच चुकतीयस!"

भैरवीने ताडकन दार उघडलं. विष्णुपंत चौकट धरून उभे होते.

"बाबा, तुम्ही रोज इथं का उभे राहता?"

"रोज कुठं? पाणी प्यायला आलो होतो."

"दोन-दोन तास?" तिने पान त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या. कुठं चुकलं ते दाखवा मला."

विष्णुपंतांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग म्हणाले, "चष्मा आत राहिला वाटतं."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

भैरवीने पान त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"कधीपासून, बाबा?" भैरवीने अगदी हळू विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासून. डावा तर गेलाच. उजव्यानं धुक्यातनं बघितल्यासारखं दिसतं." ते भिंतीला टेकले. "सांगितलं असतं तर स्वानंदानं मला घराबाहेर पडू दिलं नसतं. किल्ल्या, कागद, सगळं काढून घेतलं असतं."

"आणि दाराशी?"

"खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी तुझ्यावर नजर ठेवायलाच उभा राहिलो. शांताक्कांचं बोलणं डोक्यात होतं. पण गोष्टीतल्या त्या वकिलानं कागद दडवला, मग पुढं काय झालं ते कळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी आलो. चार महिने पेपराची नुसती पानं उलटत होतो, एक ओळ वाचली नव्हती, पोरी."

"माईक का पाडलात मग?"

"तू कशात बोलतीस ते हाताला लागतंय का बघायला आलो होतो. मधे काय उभं होतं ते मला दिसलंच न्हाय. नीट ठेवला ना परत?"

भैरवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच ती हसली. बॅग तशीच कोपऱ्यात राहिली. तिने खुर्ची आणून वाकळांच्या आत ठेवली आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

पुढच्याच आठवड्यात स्वानंद त्यांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली होती; ती परत येणार नव्हती. उजव्यात मोतीबिंदू होता, तो काढला. आणखी वर्ष लपवलं असतं, तर त्या डोळ्याचंही काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. घरातल्या किल्ल्या मात्र विष्णुपंतांकडेच राहिल्या. तीन प्रकरणं पसंत पडली. पुढची एकोणीस विष्णुपंतांनी समोर बसून ऐकली, आणि एकही जुना शब्द चुकू दिला नाही.

आता भैरवीकडे नवा माईक आहे. माझा आवाज खरखरतो, म्हणून मी कपाटात असतो. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, आणि चालू आहे का हे बघायला त्याच्यावर फुंकर मारू नका. माणसांबद्दल मला अजूनही संशय येतो. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी वर्तमानपत्राची पानं फारच भराभर उलटत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "यातली एक बातमी मला वाचून दाखवता का?"