सुरणाची ऊब

रामाजीने कुदळ उगारली, तेवढ्यात शेजारच्या मैत्रीने दांडा धरला.

"इथं खणू नका, मामा."

"काऊन? वास येऊन नाही राह्यला तुले?"

येत होता. लखनच्या गोठ्यामागून, कुजलेल्या मांसाचा. लखनची बायको द्वारकाबाई गेल्या बाजारापासून कुणाला दिसली नव्हती. रागावून गेली, असे लखन सांगत होता. रामाजी तिचा भाऊ. भैंसा गावाहून कुदळ घेऊनच आला होता.

मैत्रीने बोट दाखवले. सुक्या जमिनीतून पानांशिवाय वर आलेले, काळपट तांबडे सुरणाचे फूल. त्यावर माशा घोंगावत होत्या.

"हात लावून पाहा."

रामाजीने लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम हाये! जित्या माणसासारखं!"

मैत्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिचे संशोधन याच उबेवर होते.

"पेशीत तंतुकणिका असतात, बारक्या भट्ट्याच म्हणा. फार पूर्वी ते मोकळे जीवाणू होते. दुसऱ्याच्या पोटात शिरले आणि तिथलेच झाले. त्यांच्या आतल्या पडद्यात एक प्रथिन आहे. ते साखरेतली शक्ती साठू देत नाही, उष्णता करून सोडतं. त्या उष्णतेनं वास पसरतो. माशांना वाटतं, मढं आहे. येतात आणि पराग नेतात."

"मंजे मेल्याचं सोंग?"

"हो."

रामाजी ओशाळून हसला. "आमची द्वारका बी लहानपणी असंच सोंग घेऊन पडे." मग तो गोठ्याच्या दारात उभ्या लखनकडे वळला. "भाऊजी, लय वंगाळ बोललो तुमाले. चुकलं."

लखनने मान हलवली. तो मैत्रीकडे पाहत होता.

"पोरी, किती दिवस राह्यते हा वास?"

"दोन रात्री, फार तर. पराग झडले की प्रथिनाचं काम संपतं. फूल थंड, वास बंद."

जैनथहून सुटणाऱ्या शेवटच्या बसने रामाजी भैंशाला परत गेला.

आठवड्याने, दिवस कलताना, मैत्री नमुना घ्यायला आली. फूल लवंडले होते. माशी नव्हती. तिने तळवा टेकवला, ऊब नव्हती. नाक जवळ नेले. नुसता सडक्या पाल्याचा वास.

ती उभी राहिली, आणि तो दुसरा, कुजलेल्या मांसाचा वास पुन्हा आला. गोठ्यातली जमीन एका कोपऱ्यापुरतीच नवी सारवलेली होती. तिथे माशा बसल्या होत्या.

वाटेवर लखन उभा होता. केव्हा आला, तिला कळले नव्हते.

"गरमच हाये ना अजून?"

मैत्री पुन्हा खाली बसली. त्या गार देठावर तिने तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"हो काका," ती म्हणाली. "चांगलं गरम आहे."